गळती

लाइट येते रात्री सव्वाबाराला.
मोटार टाकतो, टॉर्च घेतो,
कांदेबागेत ओळीओळीनं फिरतो.
खिशात पंधरा-वीस जॉइनर, कमरेला कात्री,
कान जमिनीकडे.

गळती आधी ऐकू येते, दिसते नंतर.
दातांतून कुणी हसावं तसा आवाज.

मे महिन्यात सुकी नदी नावाला जागते.
सातपुड्यावरून वारा उतरतो
तो केळीची पानं उभी फाडत जातो,
आणि बागेत, सोळा एमएमच्या काळ्या नळीत,
पाणी चालतं. बंद, आंधळं.
पण चालता चालता थोडं पुटपुटतं,
ते खारीनं ऐकलं.

तिच्या आज्या-पणज्या पाटावर उतरून पीत.
पाट बुजवला तेव्हा मी सबसिडीच्या कागदावर
सहा ठिकाणी सह्या केल्या.
खारीची कुठं घेतली?

आता मला दात ओळखू येतात.
खारीचे दोन, बारीक, शेजारी-शेजारी;
रानडुक्कर नळी चघळून टाकतं
उसाच्या चोयट्यासारखी;
साळिंदर तिरकं कापतं, माझ्या कात्रीपेक्षा साफ;
कावळा चावत नाही, ड्रिपर उपटतो
आणि बांधावर नेऊन ठेवतो, कशासाठी
ते त्यालाच माहीत.
कोल्ह्याबद्दल खात्री नाही.
बहुतेक दुसऱ्यांचंही त्याच्या नावावर खपतं.

घड झाकायला येते ती जुबेदाबाई तडवी म्हणाली,
"बाहेर ठेव ना पानी. मंग कशाले चावतीन?"

सात परळ ठेवले.
पहिल्या दिवशी मधमाश्या बुडाल्या, एकोणीस.
मग वाळल्या सोपटाचे तुकडे तरंगवले,
त्यावर त्या होडीत बसल्यासारख्या बसू लागल्या.
तिसऱ्या दिवशी सातभाई आले
(होते नऊ), भांडत आंघोळ करून गेले,
परळात उरला गाळ.
खार काठावर बसली, प्याली,
दोन्ही हातांनी तोंड पुसलं,
उतरली, आणि वीतभर अंतरावर
नळीला दात लावले.

मी जुबेदाबाईकडे पाहिलं.
"दात वाढत राह्यतात तिचे," ती म्हणाली,
"मरेपावतर. घासले नाही त
तोंडात मावनार नाहीत.
तुझी नळी मऊ हाये, तिनं काय करावं?"

सतराव्या ओळीशी एकदा जॉइनर संपले.
उद्या बघू म्हटलं. उद्या लग्न निघालं सावद्याला,
मग डीपी जळाली, मग राहिलंच.

त्या भोकापाशी आता लव्हाळा उगवलाय
टोपलीएवढ्या जागेत.
कुंभारमाशी येते, मातीची गोळी वळते,
उचलून माझ्याच मोटारघराच्या चौकटीवर
खोली बांधते. पिवळी फुलपाखरं ओल चोखत
पंख मिटून बसतात, कुणी हिशेबाला बसावं तशी.
भारद्वाज पायीच येतो. जड माणूस,
सुरवंट, गोगलगाय, मिळेल ते उचलतो.
एका सकाळी ओल्या मातीवर
सरळ न गेलेली एक रेघ होती;
त्या आठवड्यात उंदीर कमी दिसले.

तिथल्या खोडाचा घड
दोन फण्या कमी भरला. मी मोजल्या.
व्यापाऱ्याचा माणूस म्हणाला, ही ओळ काय उपाशी ठेवली?
मी म्हटलं, हो, जरा गळते.

रात्री तिथं पोचलो की बेडूक गप्प होतो.
टॉर्च विझवून मी उभा राहतो.
तो वाट पाहतो, मीही.
खिशात जॉइनर हाताला लागतात.
मग तो सुरू करतो,
आणि मी अठराव्या ओळीला वळतो.

सकाळी सव्वाआठला लाइट जाते.
पुटपुटणं थांबतं.
पण नळी अजून घटकाभर गार असते.
खार खोडावरून उतरते,
चारी पाय पसरून नळीवर पोट टेकते,
डोळे अर्धे मिटते.
चावत नाही.
नुसती पडून असते.